शंभरावा अंगठा

सभागृहाच्या गच्चीवर कोणत्या दिवशी कोणाचं काय वाळत पडणार, हे आमच्या गल्लीत माझी आई ठरवायची. तिला कोणी नेमलं नव्हतं. पण होळी झाली की बायका आपसूक आमच्या दारात येत आणि आई जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारायला बसे. वानखडे काकूंच्या ज्वारीच्या बिबड्या सोमवारी, इंगळे गुरुजींकडच्या बाजरीच्या खारोड्या मंगळवारी, ज्यांच्या घरी लग्न निघालंय त्यांना शेवयांसाठी लागोपाठ दोन दिवस, आणि नळाच्या दिवशी कोणालाच काही नाही. नळ आठ दिवसांनी येई. त्या दिवशी गल्लीला पाण्याशिवाय दुसरं काही सुचत नसे. रेघांना पट्टी माझी आणि नावांना अक्षर माझं. माझ्या आयुष्यातली पहिली यादी ती. चुकीच्या रकान्यात नाव पडलं तर दोन बायकांची वर्षभराची बोलचाल बंद होते, हे मी तेव्हाच शिकले.

गच्ची एकच होती म्हणून ही यादी लागे. गल्लीत अठ्ठावीस घरं आणि त्यांतली बहुतेक टिनाची. टिनावर कुरोड्या वाळत नाहीत, भाजतात. नगरपालिकेनं कधीतरी बांधलेलं सभागृह मात्र पक्क्या स्लॅबचं. एक लांब खोली, पुढे टिनाचं छप्पर टाकलेला मोकळा ओटा, बाहेरून गच्चीवर जाणारा जिना आणि मागे एक संडास. वर्षाकाठी तिथे दोन-तीन साखरपुडे होत, लहान मुलांना डोस पाजत, संध्याकाळी इंगळे गुरुजी मुलींना गणित शिकवत. खोलीला कुलूप असे, ओटा उघडाच.

आमचं घर चौदा नंबरचं. दोन खोल्या, आणि पुढच्या पडवीत बाबांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. मोताळ्यापासूनचे शेतकरी पंप घेऊन येत. दिवसभर बाबा दांडा मारून हवा भरत आणि नळीतून फुस्स करून सोडत. त्या आवाजावर आमचं घर चाले. आवाज थांबला की आई आतून ओरडे, "जेवाले वाढू काय?" बाबांच्या हाताला औषधाचा वास असे, म्हणून त्यांना तीनदा साबण लावल्याशिवाय ताट मिळत नसे. ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. मी नववीत होते आणि मला एका जागी बसवत नसे. वीज गेली की मी उठायची, आली की उठायची, कूलरमध्ये पाणी किती उरलं ते बघायला उठायची. बाबा म्हणत, "हिच्या पायाले भिंगरी हाय, हातात कागद द्या, मंग बसते." ते खरंच होतं. अजूनही आहे. आज मी अकोल्यात मुलींच्या वसतिगृहाचा कारभार बघते. रोज पहाटे उठून दिवसाची यादी केल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

त्या उन्हाळकामाचा जीव म्हणजे मैनामाय. सोनाळ्याकडची बाई. नवरा गेल्यावर दिरानं घरात राहू दिलं नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. साठीची असावी. हाडं बारीक, पण मनगटं अशी की तीन शेर गव्हाचा चीक उकळत असताना चाटू एकटी फिरवे. कुरोड्यांचा गहू तीन दिवस भिजतो, आंबतो, सगळ्या घरात तो आंबूस वास भरतो. चौथ्या दिवशी उजाडायच्या आत तो शिजवून साच्यातून पाडला नाही, तर वाया जातो. शिजला की नाही हे मैनामाय सांगे. ओलं बोट चिकावर टेकवून ती म्हणे, "आला." मग आम्हा पोरांना वाटीत गरम चीक, वर तेल आणि तिखट-मीठ. त्या चवीचं मी आजवर कोणाला नीट वर्णन करून सांगू शकलेले नाही.

ती गल्लीतल्या सगळ्यांची होती. माझ्या जन्माच्या वेळी आईला शेक देणारी तीच, वानखडे काकूंच्या सासूचं शेवटचं आजारपण काढणारी तीच. ज्या घरी काम त्या घरी जेवण. सणाला कोणीतरी लुगडं घेई. पाहुण्यांनी विचारलं, "ह्या कोण?" तर प्रत्येक घरातून एकच उत्तर येई: "आमच्या घरचीच समजा." पहाटे चारला सांगितलं तर ती चारला दारात हजर असे. ती कुठून येते, हे मी कधी विचारलं नाही. मी, जिला गच्चीवर नेलेल्या कोणाच्या किती चादरी परत आल्या नाहीत तेसुद्धा पाठ असे.

थंडीत, संक्रांत होऊन गेल्यावर, बातमी आली. नगरपालिका बेघर लोकांसाठी निवारा काढणार होती आणि त्यासाठी आमचं सभागृह बघून गेली होती. बसस्टँडच्या शेडमध्ये, बाजाराच्या ओट्यांवर, देवळाच्या पायऱ्यांवर झोपणारे लोक गावात होते हे सगळ्यांना माहीत होतं. कापूस वेचायला आलेले आणि मग परत न गेलेले काही, मुलांनी सोडून दिलेले एक-दोन म्हातारे, एकटाच हातवारे करत बोलणारा एक माणूस. त्यांना डोक्यावर छप्पर मिळू नये असं कोणी म्हणत नव्हतं. ते छप्पर आमचं असू नये, एवढंच.

संध्याकाळी सभागृहाच्या ओट्यावर सगळे जमले. मी गुरुजींच्या शेजारी वही घेऊन.

"स्टँडवरचे दारुडे आनून बसवतीन इथं," वानखडे काकू म्हणाल्या. "आन मंग पोरी शिकवनीले कशा येतीन?"

"संडास एक हाय," दुसरं कोणी म्हणालं. "पानी आठ दिवसानं. त्यायले पानी कोन देईन? आपनच ना?"

"कोंडवाड्यापाशी करा म्हना."

"कोंडवाड्यात ढोरायले जागा नाही बे, मानसं कुठं कोंबतं?"

हशा झाला. बाबा मागच्या बाजूला उभे होते. ते म्हणाले, "पन मी काय म्हन्तो, थे लोकं तरी जातीन कुठं?"

आईनं मान न वळवता सांगितलं, "तुमी पंप पाहा." पुन्हा हशा. मग तिनं तिचं म्हणणं मांडलं, नेहमीसारखं मुद्देसूद. गच्ची गेली तर अठ्ठावीस घरांचं वाळवण गेलं. मुलींची शिकवणी गेली. आणि एकदा सरकारी पाटी लागली की ती जागा परत मिळत नाही. आज मी तिच्या बाजूनं एवढं नक्की सांगेन की त्यातला एकही मुद्दा खोटा नव्हता. मुद्दे सगळे खरे असूनही माणूस चुकू शकतो, हे कळायला मला त्यापुढचे तीन महिने लागले.

मैनामाय तेव्हा चहाच्या कपांचं ताट घेऊन माणसांमधून फिरत होती.

अर्ज गुरुजींनी सांगितला, मी लिहिला. "सदर सभागृह हे परिसरातील महिला व विद्यार्थिनी यांच्या नित्य वापरात असल्याने..." मला ती भाषा फार आवडली. खाली रकाने: अनुक्रमांक, नाव, घर क्रमांक, सही किंवा अंगठा. एका कागदावर पंचवीस ओळी, असे चार कागद. गुरुजी म्हणाले, "शंभर झाल्या ना वंदना, की साहेबाला कागद बाजूला ठेवता येत नाही." शाईचं पॅड आणि कागद पिशवीत घालून मी निघाले. तीन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. शेतातून परतणारी माणसं मी वाटेत गाठली, एका बाईला नळावर रांगेत उभी असताना सही करायला लावली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नव्याण्णव झाल्या. चौथ्या कागदाच्या तळाशी एक ओळ रिकामी राहिली. ती ओळ मला रात्रभर टोचत होती. सही कमी पडली म्हणून नव्हे, ओळ रिकामी राहिली म्हणून.

सकाळी आमच्याच दारात मैनामाय जात्यावर नवी तूर भरडत बसली होती.

"मैनामाय, आंगठा पायजे व्हता."

"कायले वो?"

"सभागृहात बाहेरचे लोकं झोपाले आनून राह्यले. थे नको, म्हनून अर्ज हाय."

जात्याचा खुंटा थांबला. तिनं कागदाकडे पाहिलं. वाचता येत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गल्लीतल्या समद्यायनं देल्ल्या?"

"नव्याण्णव झाल्या. एकच पायजे."

"तुह्या मायनं?"

"पयली सही तिचीच हाय."

तिनं अंगठ्यावरची तुरीची भुकटी पदराला पुसली. एकदा पुसली, मग पुन्हा पुसली. "कुठं दाबू?"

मी तिचा हात धरून अंगठा टेकवला. सुरेख उमटला, रेघ न् रेघ. मग तिसरा रकाना. "घर नंबर काय लिहू?"

ती हसली. "माह्या घराले कुठचा नंबर वो पोरी? तुमचाच लिही. मी काय परकी हाव?"

मी चौदा लिहिलं. ओळ भरली, कागद भरला, शंभर झाले. आज माझ्या हाताखाली काम करणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा, भरू नका. त्यांना वाटतं ही माझी शिस्त आहे.

अर्जानं काम केलं. नगरपालिकेनं सभागृहाचा नाद सोडला. मग निवारा गावभर फिरला. बाजारपेठेनं नको म्हटलं, देवळाच्या मंडळींनी नको म्हटलं. शेवटी जकात बंद झाल्यापासून ओस पडलेली जुन्या नाक्याची इमारत निघाली, गावाबाहेर, मोताळ्याच्या रस्त्याला. तिथे शेजारी फक्त बाभळी होत्या आणि बाभळींना सह्या करता येत नव्हत्या. आमच्या गल्लीनं पेढे वाटले नाहीत एवढंच. पण लोकांच्या मनातून धास्ती जात नव्हती. उद्या पुन्हा कोणाच्या डोक्यात आलं तर? म्हणून वर्गणी काढून सभागृहाच्या ओट्याला लोखंडी जाळीचं सरकतं दार बसवलं आणि त्यालाही कुलूप लावलं. गल्ली निर्धास्त झाली. ते माघाचे दिवस होते, पहाटे बादलीतल्या पाण्यात बोट घालवत नव्हतं.

त्यानंतर मैनामाय बदलली, पण आमच्या लक्षात येईल इतकी नाही. कधी यायला उशीर करी. तिचे पाय धुळीनं घोट्यापर्यंत भरलेले असत. दुपारी भिंतीला टेकली की तिथेच डोळा लागे. आई म्हणे, "थकली बुढी." होळी झाली, यादी लागली, कामं सुरू झाली, आणि थकलेली बुढी चाटू फिरवतच होती.

पाडव्यानंतर एका दुपारी नगरपालिकेतले एक साहेब काखेत फाईल घेऊन गल्लीत आले. चौदा नंबरसमोर थांबून त्यांनी विचारलं, "मैनाबाई कोण?"

आई तिखट कांडायचं सोडून बाहेर आली. तिला वाटलं, निराधार बायकांना पगार मिळतो, त्याची चौकशी असणार. बुढीचं काहीतरी भलं होत असेल तर आपण कमी पडायचं नाही. ती ठसक्यात म्हणाली, "आमचीच हाय ना साहेब. घरातलीच बाई. कितीक वर्सं झाले."

"तुमच्याकडेच राहते?"

"हाव. नाही तं कुठं राहीन?"

साहेबांनी लिहून घेतलं आणि तिची सही घेतली. वानखडे काकूही दारातून ओरडल्या, "लय भली बाई हाय हो साहेब, आमच्याही घरचीच हाय!" साहेब गेले. दोघी बायका बराच वेळ खुशीत होत्या. मैनामायला पगार लागला तर तिला पहिल्या महिन्यात काय घ्यायला लावायचं, हेसुद्धा त्यांनी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात आमच्या कुरोड्यांचा दिवस होता. आई पहाटेच उठली, चूल पेटवली, आधण ठेवलं. चार वाजले, साडेचार वाजले. मैनामाय नाही. मी दारात आणि चुलीपाशी, चुलीपाशी आणि दारात.

"जाय वंदे, उठली नसंन बुढी. बोलवून आन."

"कुठून?"

आई चुलीत लाकूड सारत होती, ते तिच्या हातात तसंच राहिलं. "वानखड्याकडं असंन," ती म्हणाली. पण विचारल्यासारखं म्हणाली.

वानखडे काकू तोंडात मिसरी घेऊन अंगणात उभ्या होत्या. "माह्या इथं? नाही वो. मी तं समजत व्हती का थे तुमच्या इथं झोपते."

"आमच्या इथं नाही."

"मंग गुरुजीकडं असंन. त्यायची मागची खोली खाली हाय."

गुरुजींच्या मागच्या खोलीत सरकीची पोती होती. गुरुजींच्या बाईंनी मला पुढच्या घरी पाठवलं, पुढच्यांनी त्याच्या पुढच्या. प्रत्येक घरात मैनामाय दुसऱ्या कोणाकडे झोपत होती. कोणी खोटं बोलत नव्हतं. सगळ्यांना मनापासून तसंच वाटत होतं. नवव्या घरानंतर मी मोजायचं सोडलं. माझ्या बाबतीत हे किती विचित्र आहे, ते मला ओळखणाऱ्यांना कळेल. उजाडलं होतं. मोताळ्याकडून दूधवाला सायकलवर आला, त्याच्या कॅन खडखडत होत्या. मी रस्त्यातच त्याला अडवलं.

"मैनामाय? थे तं नाक्यावर बसून हाय. दोन रोज झाले, रोज पाहतो मी तिले. रस्त्याच्या मोरीवर."

मी घरी न सांगताच सायकल काढली.

नाक्याची इमारत नवी रंगवलेली होती. दारावर निवाऱ्याची पाटी. आत पलंग दिसत होते, एक म्हातारा अंथरूण घडी करत होता. बाहेर मोरीच्या कठड्यावर मैनामाय बसलेली, मांडीवर बोचकं. तिनं मला पाहिलं आणि उठायला गेली.

"आज तुमचा चीक व्हता ना? माह्याच्यानं उठनं नाही झालं वो पोरी. आंगात ताप हाय. गहू तं गेला असंन."

मी तिच्या कपाळाला हात लावला नाही. दुरूनच कळत होतं. मी दारातल्या रखवालदाराला विचारलं, "ह्यायले आत काऊन नाही घेत?"

"घेत व्हतो ना मी. पंधरा दिवस झोपली आत. मंग साहेबानं चौकशी केली आन नाव काटलं. तिले घर हाय म्हन्ते."

"कुठं हाय घर?"

तो वैतागला होता, पण वाईट माणूस नव्हता. आतून फाईल आणली. सगळ्यात वर आईचा जबाब होता, 'सदर महिला आमचे घरी राहते.' खाली आमच्या अर्जाच्या चौथ्या पानाची झेरॉक्स. तळाशी शाईचा तो सुरेख अंगठा आणि त्याच्याआधी माझ्या अक्षरात, पट्टीनं आखलेल्या रकान्यात, चौदा. साहेबांनी पेन्सिलनं त्याला गोल केला होता.

रखवालदार म्हणाला, "आन पाहा, निवारा नको म्हनून तिनं सोता आंगठा देल्ला. आता आमी काय समजाव?"

मी मैनामायला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि हातानं सायकल ढकलत घरी आणलं. वाटेत ती दोनदा म्हणाली, "तुही माय रागावली असंन." आई रागावली नव्हती. तिनं एकटीनं चीक शिजवला होता आणि त्याच्या गाठी झाल्या होत्या. अर्धं पातेलं काळपट पडून बाजूला होतं. मी सगळं सांगितलं, एका दमात. आईनं मैनामायला खाटेवर झोपवलं, गोळी दिली, गरम पेज पाजली. नंतर तिच्या पायाशी बसून म्हणाली, "आता कुठं जायाचं नाही. इथंच राहाचं. आजपासून."

मैनामाय छताकडे बघत होती. "चार दिस ठेवसान माय. लय माया करसान. मंग पोरीची परीक्षा येईन, पाहुने येतीन. मंग मले रोज सांजच्याला इचारा लागन, आज कुठं आंग टाकू म्हनून. तिथं नाही इचारा लागत. तिथं पलंगाले नंबर हाय. सातवा माह्या."

"पन लोकं काय म्हन्तीन? आमच्याकडं असून—"

"तुमच्याकडं कुठं व्हती वो मी?"

ती हे शांतपणे म्हणाली, तक्रार म्हणून नाही. पडवीत बाबांचा पंप फुस्स करत होता, तो थांबला.

बाबा नगरपालिकेत जाऊन विचारून आले, तेव्हा साहेबांनी मार्ग सांगितला. ज्यांनी जबाब दिला त्यांनी तो लेखी मागे घ्यावा. घर बाबांच्या नावावर होतं, ते सही करायला लगेच तयार झाले. पण जबाब आईचा होता. आई दोन दिवस घरात येरझारा घालत राहिली. मी तिच्याकडूनच हे घेतलंय, तेव्हा कळलं. पातेली पुसलेली पुन्हा पुसली. "मी लिहून देऊ का, थे आमची नाही म्हनून?" ती म्हणे. "जिनं माह्या पोरीले पयलं पानी घातलं, ती आमची कोनी नाही, असं?" वानखडे काकू म्हणाल्या, "नको देऊ. ठेवा ना तुमच्या इथं, हाय काय त्यात." आई म्हणाली, "मंग तुमी ठेवता?" काकूंना तेवढ्यात घरातलं दूध आठवलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर मैनामाय बोचकं घेऊन दारात उभी राहिली. आत बोलावलं तर येईना. आईनं पदर खोचला आणि मला म्हणाली, "कागद घे."

ती सांगत होती, मी लिहीत होते. पहिलं वाक्य तिनं चार वेळा बदललं. शेवटी राहिलं ते असं: 'मैनाबाई ह्या आमचे घरी राहत नाहीत. कधीही राहत नव्हत्या. मी दिलेला जबाब चुकीचा आहे.' तिघी भर उन्हात नगरपालिकेत गेलो. साहेबांनी कागद सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. 'कधीही' या शब्दाला आईनं खाली पाहिलं.

"बाई, आठ दिवसांपूर्वी तुम्ही म्हणालात घरातलीच आहे. आता म्हणता कधीच नव्हती. मग इतकी वर्षं ही राहत कुठे होती?"

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी फाईलकडे. मैनामाय एक पाऊल पुढे आली.

"तिले काय इचारता साहेब? मले इचारा. सभागृहाच्या ओट्यावर झोपत व्हती मी. उजाडाच्या आधी उठे, झाडून घे, कोनाले तरास नव्हता. कुलूप लागलं तवापासून स्टँडवर. मंग हे निघालं."

साहेबांनी मान हलवली आणि लिहिलं. मैनामायनं अंगठा दिला. सातवा पलंग दुसऱ्या कोणाला गेला होता, तिला अकरावा मिळाला. ती तिथूनच परस्पर नाक्याच्या रस्त्याला लागली. जाताना आईला म्हणाली, "मंगळवारी गुरुजीच्या खारोड्या हाय ना? येतो मी."

आम्ही घराकडे निघालो. आई पुढे, मी मागे. डांबर वितळत होतं, चपला चिकटत होत्या. सभागृहाचं वळण आलं तशी ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिले मालूम व्हतं ना, त्या कागदात काय हाय? सांगतलं व्हतं तुनं?"

"हाव."

"मंग आंगठा काऊन देल्ला तिनं?"

"मी मागतला म्हनून."

आई चालू लागली, इतक्या भराभर की मला तिच्या मागे जवळजवळ पळावं लागलं.